काकांची लोकरबंदी

पंचाहत्तरीला मी काकांना शुद्ध लोकरीचा मफलर नेऊन दिला, आणि जावई म्हणून माझी उरलीसुरली अब्रू लंडनजवळच्या स्लाऊमधल्या हॉलमध्ये केकच्या आधी कापली गेली. "मेंढीचे केस माझ्या गळ्यात? शाळेत इतिहास नव्हता का रे तुला?" चूक माझीच. हे माझ्या बायकोचे सख्खे काका म्हणजे अख्ख्या इंग्लंडात मेंढीशी उभा दावा मांडलेला एकमेव माणूस.

इथले सगळे हिवाळे त्यांनी सुती कपड्यांवर काढलेत. एकावर एक चार बंड्या, वर सदरा, त्यावर सोलापुरी चादर. या थाटात ते कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायला निघाले की पोस्टमन दोन पावलं मागे सरतो. कारण विचारलंत की संपलात. "आपलं सुती चीट, छापील फुलांचं, इथल्या बायकांना आवडलं, हा आपला गुन्हा! लगेच यांच्या लोकरवाल्यांची पोटं दुखली. पार्लमेंटनं कायदाच केला, हिंदुस्थानी छापील कापड अंगावर घालायचं नाही! चीट नेसलेल्या बाईचे कपडे भर रस्त्यात फाडायचे इथले विणकर. आणि मेलेला माणूससुद्धा लोकरीतच गुंडाळायचा, नाही तर दंड! अरे, मढ्याला कसली थंडी?" तीनशे वर्षांपूर्वीचा कायदा काल दुपारी पास झाला असावा, असा सगळा ताव. एकदा सुपरमार्केटात लोकरीच्या मोज्यांसमोर उभं राहून त्यांनी हेच सुनावलं. सिक्युरिटीवाला पंजाबी निघाला, म्हणून चहावर भागलं.

काकू गेल्यापासून त्यांचं हे ऐकायला एकच माणूस उरलं होतं. शेजारच्या मोरीनबाई, मूळच्या आयर्लंडच्या. रोज सकाळी कुंपणावरून दोघांची जुंपायची. गेल्या हिवाळ्यात काकांचा खोकला ऐकून बाईंनी स्वेटर विणायला घेतला. काकांनी तो घेणार नाही म्हणून आधीच जाहीर केलं. जुलैत बाई कायमच्या नॉटिंगहॅमला मुलीकडे निघाल्या. मी आणि बायको निरोप द्यायला गेलो होतो. गाडीत बसण्याआधी बाईंनी स्वेटर पुढे केला.

"सॉरी. प्रिन्सिपल म्हणजे प्रिन्सिपल," काका म्हणाले.

बाई भडकल्या. "मला प्रिन्सिपल शिकवता? आमच्या आयर्लंडला लोकरीचं कापड बाहेरदेशी विकायलाच बंदी केली होती याच पार्लमेंटनं! आमचे माग बसले, माणसं देशोधडीला लागली. ही लोकर माझ्या भावाच्या मेंढ्यांची आहे. घाला, नाही तर खड्ड्यात घाला!"

काकांचा इतिहास हिंदुस्थानच्या किनाऱ्यापाशी थांबत होता, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी स्वेटर हातात घेतला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "यांनी कुणालाच सोडलं नाही रे!" आणि भर उन्हात त्यांनी तो स्वेटर डोक्यातून घातला. बाईंनी पुढे होऊन कॉलर नीट केली.

गाडी वळणाआड गेली तरी काका फुटपाथवरच. घामानं निथळत होते. मी म्हटलं, "काका, काढा आता तो."

"गप्प बस! रोज माझं ऐकून घेतलं हिनं, आणि स्वतःचं एवढं मोठं गाऱ्हाणं जायच्या दिवशी सांगते? ही काय रीत झाली?"

परतताना मोटरवेवर बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आता काकांनी भांडायचं कुणाशी रे?"