पहिल्या आवृत्तीतलं करडू

"भावजी, हे गेले हो..." आप्पाच्या घरून वहिनींचा फोन आला तेव्हा मी निपाणीत दारात पेपर वाचत बसलो होतो. त्याला महिना झाला. अजून रद्दीचं दुकान दिसलं की पाय थांबतात, आणि मग स्वतःचाच राग येतो.

आप्पा माझा शाळासोबती, पुढं हिंडलग्याला घर बांधून राहिलेला. जुन्या मराठी बालपुस्तकांच्या पहिल्या आवृत्त्या जमवायचा त्याला नाद. मोठ्यांची पुस्तकं कपाटात टिकतात, पोरांची पोरंच फाडून संपवतात. एखादं उरलंच, तर वाचनालयवाल्यांनी नवी बांधणी करताना शेवटची पानं घालवलेली. तसलीही हा गडी जपायचा. मी म्हणायचो, "आप्पा, नातवंडं झाली, आता तरी मोठा हो रं." तो नुसता हसायचा.

खरं तर तो एकच पुस्तक शोधत होता, आणि त्याच्यासाठी मीही रद्दीची दुकानं धुंडाळायचो. त्याची आई लवकर गेली. थोरली बहीण, आक्का, त्याला कुशीत घेऊन बाजारात हरवलेल्या करडाची गोष्ट वाचून दाखवायची. शेवटी करडाला आई भेटायची. पुढं त्या पुस्तकाची नंतरची आवृत्ती आप्पाच्या हाती लागली, तर त्यात आई भेटतच नव्हती. "मागनं कुणीतरी शेवट बदललाय," तो हट्टानं म्हणायचा. "पहिल्या आवृत्तीत भेटती. आक्का खोटं कशाला वाचंल?" आक्काही तरुणपणीच गेलेली, विचारणार कुणाला...

आप्पानं अंथरूण धरलं, आणि तेव्हाच नंदगडच्या एका घरात, जुन्या पेटीत मला ती पहिली आवृत्ती मिळाली. पानं सगळी शाबूत. बसमध्ये शेवटचं पान वाचलं. आई भेटत नव्हती. हे त्याला दाखवावं की गप बसावं, हिंडलगा येईपर्यंत ठरेना. पण आयुष्यभर शोधलेलं पुस्तक लपवायचं कसं? दिलं.

चष्मा लावून त्यानं स्वतःच वाचलं. मला वाटलं, आता हा खचणार.

"म्हंजे आक्कानंच भेटवली रं," तो म्हणाला. मग डोळे भरून आले. "तीबी पोरगीच हुती की. तिचीबी आई गेलती. वाचायची हे, आन् मला सांगायची ते... तिला कुणी सांगितलं न्हाय रं, आई भेटती म्हणून."

परवा हिंडलग्याला गेलो. त्याच्या खोलीत बसलो होतो, वहिनी चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "तुम्ही पुस्तक दिल्यापासनं रोज मोठ्यानं वाचायचे. शेवटी करडाला आई भेटायची. मी इचारलं, खोलीत कुणी न्हाय, कुणाला वाचून दाखवताय? तर म्हणाले, आक्काला."