सादड्यांवरचे पिवळे पट्टे

सुरगाण्याच्या बाजूच्या डोंगरात आम्ही झाडांचा वास मोजायला जायचो. तिथल्या एका मावशीला मी अर्धवट उत्तर दिलं, त्याची लाज अजून गेलेली नाही.

मी नाशिकच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. इंदिरानगरहून लवकर निघायचं, ऊन चढायच्या आत डोंगर गाठायचा. झाड हवेतला कार्बन घेतं, हे शाळेतली पोरंही सांगतात. त्यातला थोडा ते पानांतून वाफेच्या रूपात परत सोडतं, तोच झाडाचा वास, हे फारसं कुणी सांगत नाही. जंगल किती कार्बन धरून ठेवतं हे ठरवताना ही वाफ विसरली जाते, म्हणून आमचा खटाटोप. फांदीला प्लास्टिकची पिशवी बांधायची आणि आतली हवा काचेच्या नळीत ओढून घ्यायची.

आमची झाडं, सादडे म्हणजे ऐन, मावशीच्या नागलीच्या शेताच्या बांधावर होती. शेत सासऱ्यापासून कसलेलं, पण जमीन कागदावर वनखात्याची, तिच्या नावावर नव्हती. वनहक्काचा अर्ज कितीतरी वर्षं अडकलेला. ती आम्हाला पाणी द्यायची, नळ्यांची पेटी सांभाळायची. "वास मोजून काय मिळतं गं, बाय?" म्हणत पदर तोंडाला लावून हसायची.

झाडं लांबून ओळखू यावीत म्हणून मी सादड्यांच्या खोडांभोवती पिवळ्या रंगाचे पट्टे ओढले आणि वर आकडे घातले. तिनं विचारलं, "हे आकडं कशाला?" मी नळी बसवण्यात गुंतलेली. म्हटलं, "नोंद आहे. वर पाठवायची असते."

तिकडे झाडावर रंगाचा आकडा म्हणजे सरकारचा आकडा. आता झाडापाठोपाठ जमीनही जाणार, असं तिनं धरलं. मला हे सुचायला हवं होतं. नाही सुचलं, कारण मी शिकलेली.

पंधरा दिवसांनी गेलो तर एकही पट्टा नव्हता. मावशीनं कोयत्यानं सगळे खरवडले होते. रंग सालीत मुरलेला, म्हणून साल पार लाकडापर्यंत गेली; पट्टा गोल, म्हणून सालही गोल निघाली. असं झाड वाळतं, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. "झाड गेलं तर जाऊ दे. जमीन नाय जायला पाहिजे," ती म्हणाली. आकडे माझेच होते, सरकारचे नव्हते, हे सांगितल्यावर तिनं खरवडलेल्या खोडावर ओली माती थापायला घेतली.

त्या दिवशीही मी पिशव्या बांधल्या. हो, बांधल्या. जखमी झाडांनी भरमसाट वाफ सोडली, आणि एवढे मोठे आकडे ऐकून आमच्या प्रकल्पाचे प्रमुख फोनवर खूश झाले.

पुढे झाडं मारल्याबद्दल वनखात्याची चौकशी लागली, आणि त्यात तिचा अडकलेला अर्जही वर आला. मावशीच्या बाजूनं बोलायला मी माझी नोंदींची वही घेऊन गेले. चूक माझी आहे, ती वर्षानुवर्षं तिथं पिकवते आहे, असं सांगितलं. साहेबांनी वही चाळली आणि पहिल्याच पानावर बोट ठेवलं. मावशीची ओळख होण्याआधी, उन्हाळ्यात मोकळं पडलेलं ते शेत बघून, 'जमिनीचा वापर' या रकान्यात मी लिहिलं होतं: जंगल. शेती नाही. नंतर ते खोडायचं मला कधी सुचलंच नाही.

अर्ज फेटाळला गेला. निकालाला माझ्या पानाची झेरॉक्स जोडलेली होती.

मी भेटायला गेले तेव्हा ती द्राक्षबागेच्या कामावर निघाली होती, बोचकं घेऊन गाडीत चढत होती. तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "बाय, तू तर वास मोजत होतीस ना?"