आगोंगच्या दारातले पांढरे दिवे

आगोंगवर भरवसा ठेवावा की नाही, हा प्रश्न काही केल्या सोक ह्वाची पाठ सोडत नव्हता. शेजारचा हा म्हातारा रोज दुपारी तिच्या यी श्वेनला बालवाडीतून घरी आणायचा. नात्याचा नव्हे, पण मलेशियातल्या तैपिंगच्या त्या आळीत सगळे त्याला आगोंग, म्हणजे आजोबाच म्हणत. आणि याच आगोंगने परवा दाराच्या दोन्ही बाजूंना गोल पांढरे दिवे बसवून घेतले होते.

पांढरे! दाराशी पांढऱ्या दिव्यांची जोडी लागली की त्या घरात कुणीतरी गेलं, असंच आळी समजणार. वायरमनसुद्धा चाचरत म्हणाला होता, "लाल देऊ का?" "पांढरेच," आगोंग म्हणाला.

समोरच्या गैक चूला चघळायला विषयच मिळाला. "जन्मभर पोपियाची गाडी लावली, पण कधी एक कोळंबी जास्त घातली नाही मेल्याने. घरात काळोख झाल्याशिवाय बटण दाबत नाही. आणि आता भर उन्हातसुद्धा दोन दिवे? ही कुणालातरी खूण आहे, सांगून ठेवते."

"कसली खूण?"

"जुगारी असतील, सावकाराची माणसं असतील. पोर तुझी असते त्याच्याबरोबर. तूच बघ बाई."

सोक ह्वाला पटत नव्हतं. ती लहान असताना त्याच्याच गाडीवर पोपिया, म्हणजे पातळ पोळीची भरलेली गुंडाळी, खायची, आणि तिने न सांगताही तो तिच्या गुंडाळीत तिखट घालायचा नाही. तरी गुरुवारी ती कचेरीतून लवकर निघाली आणि आळीच्या कोपऱ्यावर छत्रीआड उभी राहिली. आपण म्हाताऱ्यावर पाळत ठेवतोय याची लाज वाटत होती, पण पाय हलेनात.

आगोंग आला. यी श्वेनने त्याचं बोट धरलं होतं. सारखी फाटकं, सारखे ओटे असलेल्या घरांच्या त्या समोरासमोरच्या रांगांत तो सरळ गैक चूच्या दाराशी गेला आणि कुलपात किल्ली घालू लागला.

"हे नाही, आगोंग! पांढरे दिवे कुठायत?"

"हरलो बुवा. दाखव बघू."

"त्ते काय!"

उन्हात फिकट जळणारे दिवे दिसले तसा त्याचा चेहरा सैलावला. मग त्याला सोक ह्वा दिसली.

"लाल का नाही लावलेत, आगोंग?" तिने हळूच विचारलं.

"लाल नववर्षाला सगळेच लावतात. पांढरे या आळीत कोण लावतंय?" तो किल्ली बोटांत फिरवत राहिला. "चेंगला कळवू नकोस हं. पोरगा माझा, पण क्वालालंपूरला त्याच्या उंच इमारतीत नेऊन ठेवेल मला. तिथं तर सगळी दारं एकसारखी."

"आणि बालवाडीचा रस्ता?"

आगोंगने यी श्वेनकडे पाहिलं. "तो हिला येतो."

सोक ह्वाच्या डोळ्यांपुढे ते उभं राहिलं: मधला मोठा रस्ता, त्यावरच्या लॉऱ्या, आणि पुढे चालणारी तिची पाच वर्षांची पोर.

"काय गं, सापडलं का काही?" गैक चूने खिडकीतून हटकलं.

"काही नाही. दिवे छान आहेत," असं म्हणून तिने लेकीला उचललं. उद्यापासून रजा टाकायची, एवढं नक्की. पण आगोंग एकटा बाहेर पडला तर? आणि एखाद्या दिवशी वीज गेली तर?

घरात येऊन तिने चेंगचा नंबर शोधला. वडिलांना घेऊन जा, असं म्हणायचं नाही. तू इकडे ये, एवढंच म्हणायचं, असं ठरवून तिने फोन लावला.