घंटेचं राहिलेलं बारसं

जळबा, तू आता पेन्शनीत गेलास, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते. रुसायचं तर रूस.

सेनगावकडच्या आमच्या शाळेत जळबा शिपाई होता. घंटा म्हणजे लिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. अठ्ठ्याण्णव साली मी वर्गात सांगितलं, की जर्मनीत चर्चच्या घंटांना नावं असतात, पुष्कळदा बायकांची. त्यांचं बारसं होतं, नाव अंगावर कोरतात. लढाईत तोफांसाठी घंटा वितळवल्या, तेव्हा घरचं माणूस गेल्यासारखी माणसं रडली. दारातला जळबा ऐकण्यात इतका रंगला, की तास संपल्याची घंटाच द्यायची विसरला.

सुट्टीत म्हणाला, "बाई, आपल्या घंटीला माझ्या मायचं नाव देऊ. जलमभर तिनं रुळाखालची खडी फोडली."

हेडमास्तर हसले. "दे की! सरकारला कुठं कळतंय!"

मी खडू उचलला. "सांग नाव."

"समदे हट्टेवाली म्हणायचे. बाप 'अगं' म्हणायचा. मी माय म्हणायचो."

"अरे, पण नाव?"

"ते इचारायचंच राहिलं, बाई. आता दोघंबी न्हाईत."

तिकडं घंटेलाही नाव. इकडं बाईमाणूस माहेरच्या हट्टा गावाच्या नावावर आयुष्य काढतं!

मी म्हटलं, "तुझा मामा हट्ट्यालाच आहे ना? रविवारी जा, विचारून ये."

"व्हय. पण मामाला कोन्या तोंडानं इचारू, बाई?"

तरी दर रविवारी तो धुतलेला सदरा घालून फाट्यावर जायचा. हट्ट्याला जाणारी वसमतची एसटी थांबायची. जळबा कंडक्टरला तंबाखू द्यायचा, दोन गोष्टी बोलायचा आणि गाडी जाऊ द्यायचा.