अकरा बसकरं

अकरावं बसकर झटकून मी पांढऱ्या चादरीवर ठेवलं आणि कॅमेऱ्यातून पाहिलं. लाइट उत्तम होता. तेवढ्यात मागून आवाज आला, "हे कोनं हालवले?"

दारात एक म्हातारी धापा टाकत उभी होती.

धामणगाव बढ्याच्या पुढच्या एका खेड्यातलं हे चर्च. चर्च म्हणजे टिनाचं छप्पर, चार खिडक्या आणि शहाबादी फरशी. ख्रिस्ती घरं एकेक करून शहरात गेली, तशी प्रार्थनाही बंद पडली. आता इमारत पाडायची होती. त्याआधी आतल्या सामानाचे फोटो काढून यादी करायचं काम कमिटीच्या सेक्रेटरींनी मला दिलं. माझा नांदुऱ्यात स्टुडिओ आहे. आयुष्यभर लग्नं आणि पासपोर्ट फोटो केले. त्यापुढे हे काम मला किरकोळच वाटलं.

अशा फोटोंचे नियम सोपे असतात. मागे पांढरं कापड आणि बाजूला स्केल, म्हणजे साधी मोजपट्टी, वस्तू केवढी आहे ते कळावं म्हणून. मी दाराजवळच्या उजेडात चादर अंथरली आणि एकेक सामान तिथे आणत सुटलो. कंदील, ढोलकी, झांजा, माठ, दांडी मोडलेला एक चष्मा. शेवटी बसकरं, जमिनीवर बसायला घरी शिवलेली. बायकांच्या बाजूला इकडेतिकडे अकरा पडली होती. धूळ फार, म्हणून बाहेर नेऊन काठीने चांगली बडवली. कळकट वस्तूचा फोटो दिलेला मला खपत नाही.

"म्या हालवले, मावशी. फोटोसाठी. काऊन?"

"माह्या रूथचं न्याले आली मी."

रूथ तिची मुलगी. एकोणिसाव्या वर्षी काविळीने गेली. म्हातारीचं नाव शांताबाई. ती आता मलकापूरला भाच्याकडे राहते. चर्च पाडणार असं कानावर आल्यावर एकटीच एसटीने आली होती.

"मंग घेऊन जा ना. कोणतं तिचं?"

ती चादरीपाशी बसली. एकेक बसकर उचललं, उलटं केलं, ठेवलं. अकराही निळी, पांढऱ्या चौकटीची. एका नाताळात बायांनी मिळून एकच तागा आणला होता आणि सगळ्यांची त्यातूनच शिवली होती.

"वळखू येत नाही का?"

"जाग्यावरून वळखू ना, बापू. आमच्या इथं मेलेल्याचं बसकर कोनी उचलत नव्हतं. ज्याची जागा त्याची. जित्या मानसाइनं जाताना आपापले नेले. हे राह्यले ते समदे गेलेल्याइचे."

ज्यांच्या जागेला त्यांच्या माणसांनी इतकी वर्षं हात लावला नव्हता, त्यांची बसकरं मी अंगणात नेऊन बडवली होती. लाज वाटली. फार वाटली.

"थांबा, जागेवरच्या फोटोत पाहू, डागावरून जुळन," म्हणून मी कॅमेऱ्यातले फोटो मागे मागे नेले. जागेवरचा एकही नव्हता. खोलीत शिरल्याबरोबर, कशालाही हात न लावता, आहे तसा एक फोटो घ्यायचा असतो. त्याला लोकेशन शॉट म्हणतात. लग्नाच्या हॉलमध्ये मी तो कधीच चुकवत नाही. इथे पडीक सामान, म्हणून घेतलाच नाही.

"एखादं न्या, मावशी. यातलंच एक तिचं असन."

"अन् दुसऱ्याच्या लेकीचं नेलं तं?"

ती उठली, भिंत धरत दुसऱ्या खिडकीपाशी गेली आणि खाली बसली. तिथे धुळीत बसकराएवढा स्वच्छ चौकोन राहिला होता. ती त्याच्या कडेला बसली, आत नाही.

"इथं बसे ते. याचा काढ फोटो. मले नको घेऊ त्याच्यात."

मी काढला. स्केल ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींचा फोन आला. "शेवटी एक फरशीचा फोटो आलाय चुकून."

"चुकून नाही, साहेब."

"पण त्यात वस्तू कुठे आहे?"

"नाही."

"मग यादीतून काढा."

काढला. प्रिंट मलकापूरला जाऊन शांताबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती पदराने पुसली आणि मला चहा घ्यायला लावला.

आता काम कुठलंही असो, आत शिरलो की आधी हात मागे बांधतो आणि मग खोलीचा एक फोटो घेतो. दोन सेकंदांचं काम आहे. त्या दिवशी तेवढं केलं असतं, तर रूथचं बसकर तिच्या आईजवळ असतं. आज ते कमिटीच्या गोदामात आहे, एकतीस ते एक्केचाळीस यांपैकी कोणत्या तरी नंबरवर.