दोघांच्या हाती कागद

रक्तमामांच्या खोलीत एकट्या माणसाला तपासणीचा कागद मिळत नसे. नवरा आला की विचारत, "बायको कुठी हाय?" बायको आली की, "नवरा काहून नाही आला?" दोघं समोर बसली तरच ते टेबलाचा खण उघडत. अकोल्याच्या जठारपेठेत त्यांची रक्त तपासण्याची खोली होती. एक सूक्ष्मदर्शक, काचेच्या नळ्या आणि नवरा-बायकोला खेटूनच बसावं लागेल असं आखूड बाकडं, एवढाच पसारा. कोणी डॉक्टरसाहेब म्हटलं की ते वैतागत. "मी डॉक्टर नाही, बापा. रक्त वाचतो फक्त."

लढाईच्या काळात पलटणीच्या दवाखान्यात ते हे काम शिकले होते. गरमीच्या, म्हणजे उपदंशाच्या तपासणीसाठी त्यांच्याकडे पुष्कळ रक्त येई. हा शब्द तेव्हा घरात उच्चारायची सोय नव्हती, मग समजावून कोण सांगणार? ते काम मामांवर पडलं होतं, आणि रोज तेच तेच सांगून त्यांचा आवाज बसका झाला होता. "रक्तात खूण दिसली, एवढंच हा कागद सांगते. कवा लागली, कोणापासून लागली, हे रक्ताले ठाऊक नाही. अन् कधी कधी खूणच खोटी रायते." जोडपी मान डोलवत आणि पायरी उतरली की भांडायला लागत. मामा खिडकीतून बघत आणि पुढची नळी उचलत.

हे सगळं मला पुढे कळलं. मामांनी आपला नियम एकदाच मोडला, आणि तो नेमका माझ्या वेळी.

पहिली निवडणूक होऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती. अमरावतीतली शाळेची नोकरी सोडून मी लग्नानंतर अकोल्याला, वकिलांच्या घरात आले होते. चौथा महिना चालू होता आणि त्यातच हिवतापाने मला पार पिळून काढलं होतं. डॉक्टरीणबाईंनी रीतीप्रमाणे रक्त तपासायला पाठवलं. संध्याकाळी कोर्टातून येताना सासरे मामांच्या खोलीत शिरले. मामा दिवसभराचे शिणलेले, समोर काळा कोट, शिवाय घरचाच वडीलधारा माणूस. त्यांनी माझा कागद देऊन टाकला. त्यावर गरमीची खूण होती.

वकिलाच्या घरात कागद म्हणजे पुरावा. जेवणं व्हायच्या आत माझी जबानी सुरू झाली. अमरावतीला कोणाकडे राहत होतीस, शाळेत पुरुष शिक्षक किती होते, घरी पोचवायला कोण येत असे. मी उत्तरं देत होते आणि माझे यजमान पाटाकडे बघत बसले होते. "हातच्या कांकणाला आरसा कशाला?" सासरे म्हणाले, आणि सासूबाईंनी माझं ताट वेगळं काढलं.

तिसऱ्या दिवशी मामांच्या कानावर गेलं. ते तडक घरी आले, बैठकीत उभेच राहिले.

"वकीलसाहेब, चूक माही हाय. कागद तुमच्या हाती द्याले नोको होता. पण एका साक्षीवर तुमी कोर्टात कोणाले फाशी होऊ देता का? मंग सुनेले काहून?"

"विज्ञान खोटं बोलतं की काय?"

"हिवतापानं बी अशी खूण उमटते, साहेब. पोटुशी बाईलेबी कवा कवा उमटते. ताप निवू द्या. दोन महिन्यांनी पुन्हा पाहू. तवर पोराचंबी रक्त द्या."

यजमानांनी रक्त दिलं. ते स्वच्छ निघालं आणि आगीत तेल पडलं. मुलगा निर्दोष, अर्थात दोष सुनेचा, असा निकाल लागला. दुसरी तपासणी होईपर्यंत मला माहेरी, चांदूर रेल्वेला धाडायचं ठरलं. यजमान स्टेशनवर आले, ट्रंक त्यांनीच उचलून डब्यात ठेवली. 'माझा तुझ्यावर विश्वास आहे', एवढं एक वाक्य मला हवं होतं. गाडी सुटेपर्यंत मी खिडकीत वाट पाहिली.

दोन महिन्यांनी मामा स्वतः पॅसेंजरने चांदूरला आले. रक्त काढताना त्यांचा हात स्थिर होता, पण त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं. "पोरी, माफी मांगाले तोंड नाही मले," म्हणाले. आईने दिलेला चहाही त्यांनी अर्धा ठेवला.

आठवड्याने आम्हा दोघांना बोलावणं आलं. मी वडिलांबरोबर अकोल्याला गेले, यजमान आधीच येऊन बसले होते. मामांनी खण उघडला. "खूण गेली. पयली खोटी होती. पोरीत काई रोग नव्हता, अन् नाही."

यजमानांनी सुस्कारा सोडला. "म्हणजे आता सगळं ठीक आहे."

मामा चष्मा पुसत होते. "रक्त ठीक हाय. बाकीचं मले तपासता येत नाही."

मी सासरी परतले. दुसरं काय करणार होते? मुलगी झाली. सासऱ्यांनी पेढे वाटले. यजमान तसे भले गृहस्थ, तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मीही काढला नाही. भांडले असते तर कदाचित हलकी झाले असते, पण तेवढी ताकद अंगात उरली नव्हती. मामांकडे मात्र मी संक्रांतीला तिळगूळ घेऊन जात राहिले.

पुढे त्यांची नजर गेली. सूक्ष्मदर्शक विकून ते कौंडण्यपूरकडे मुलाच्या शेतावर राहायला निघाले. मी निरोप घ्यायला गेले तेव्हा खोली रिकामी झाली होती आणि मामा खिडकीशी बसले होते. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं.

"त्या दिवशी थकलो होतो, पोरी. पण थकला म्हणून मानसानं असं करू नये. अजून झोप लागत नाही मले."

"मी तुम्हाला केव्हाच माफ केलंय, मामा."

"अन् नवऱ्याले?"

बाहेर टांगेवाला हाका मारत होता. मी मामांच्या पाया पडले.

"मुलगी आता सातवीत आहे, मामा," मी म्हणाले.

मामांनी मान हलवली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.