धाकलीबायची खाडी

पहिलं नाव धाकलीबायचं. नवी मुंबईत काय पाहिलं, काय खाल्लं ते सांगतेच, पण आधी हे नाव वाचून घ्या. दुसरं नाव सुरेखाचं, माझ्या भावजयीचं. ती वेळेवर पळाली. आणि तिसरा एक गॉगलवाला दादा. त्याला मी ओळखत नाही, तोही मला ओळखत नाही. पण त्याच्या तोंडावर पालथी पडले, म्हणून गावातल्या बायांनो, आज तुम्हाला हे लिहिते आहे.

हिंगोलीहून ट्रॅव्हल्समध्ये बसले तेव्हा आमच्याकडे हळद काढायला अजून अवकाश होता. धाकटा भाऊ संजय कधीपासून म्हणत होता, "आक्का, एकदा तरी ये." मी शाळा सहावीत सोडली, एकटीने जिल्ह्याबाहेर कधी पाऊल टाकलं नव्हतं. रात्रभर झोप नाही. गाडी थांबली की मी खिडकीतून पाटी वाचायची आणि शेजारच्या बाईला विचारायची, "वाशी गेली का हो?" पुण्याच्याही अलीकडे होतो आम्ही. शेवटी ती म्हणाली, "मावशी, वाशी आली की मी तुम्हाला उचलून उतरवते, पण आता झोपू द्या."

संजय वाशीच्या बाजारात पोती उचलायचं काम करतो. उतरल्या उतरल्या त्याने मला आधी मसाला मार्केट दाखवलं. आत शिरताच नाकात आपल्या गावचा वास! थप्पीच्या थप्पी हळद. एका पोत्यावर आपल्या जिल्ह्यातलं वसमत लिहिलेलं दिसलं आणि मी त्यावर हात ठेवून उभीच राहिले. पलीकडून एक हमाल ओरडला, "ओ ताई, पोतं पळून नाही जाणार, बाजूला व्हा!" संजय हसला. म्हणाला, "माझी बहीण आहे, माहेरचं माणूस भेटलं तिला." तो हमालही हसला. माझी निम्मी भीती तिथेच गेली.

संजयची खोली खाडीकाठच्या एका जुन्या गावात आहे. गाव म्हणायचं, पण चारी बाजूंनी उंच इमारती आणि त्यांना नावं नाहीत, नंबर: अमुक सेक्टर, तमुक सेक्टर. मधोमध हे गाव, दाटीवाटीचं, देवळाचं, मासे सुकवणाऱ्या दोऱ्यांचं. चाळीची मालकीण धाकलीबाय. नाव धाकली, वय सत्तरीच्या पुढे, आवाज गिरणीच्या भोंग्यासारखा. तिच्या सासऱ्याची मिठागरं होती. ती जाऊन आता खोल्या आहेत, भाडेकरू आहेत, मुलगा ठेकेदारी करतो. पण ही अजून पहाटे उठून अंगण झाडते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकते.

मलाही हटकलं. "संजाची भैन कं तू? जेवलीस? ये."

तांदळाची भाकरी मी पहिल्यांदा खाल्ली. पांढरीशुभ्र, मऊ, पापुद्रा असा की खाली हात दिसावा. सोबत सुक्या बोंबलांची लालभडक चटणी. मी म्हटलं, "आमची ज्वारीची भाकर हिच्यापुढं काळी दिसंल." धाकलीबाय म्हणाली, "काली दिसूंदे, पोट भरते ना? मंग." पुढे आठवडाभर माझी सकाळ तिच्याच ओट्यावर सुरू व्हायची.

ओट्यावरून खाडीचा बांध दिसायचा. पहिल्या दिवशी मी बांधावर गेले तेव्हा पाणी शांत होतं. थोडं वर, थोडं खाली, आपल्या पाझर तलावासारखं. कडेला तिवरं (खाऱ्या पाण्यात वाढणारी झाडं), पलीकडे लांब लांब पायांचे गुलाबी पक्षी. मला वाटलं, हेच का ते पाणी, ज्याला सगळे घाबरतात?

अमावस्येच्या सकाळी मात्र बघते तर पाणीच नाही! दूरवर नुसता काळा, चकचकीत गाळ. तुम्हाला ठाऊक आहे, आपल्या तलावाचं पाणी उन्हाळ्यात मागे सरलं की आपण काय करतो. गाळपेर. त्या ओल्या गाळात काकडी, भेंडी, काहीही टाका, खताशिवाय येतं. मागे सरलेलं पाणी पावसाळ्यापर्यंत परत येत नाही, हे आपल्याला आईच्या पोटातून माहीत. तो काळाभोर गाळ बघून माझे हात शिवशिवले. म्हटलं, मूठभर उचलून तर बघू, कशी आहे माती.

धाकलीबाय अंगण झाडत होती. मी आणि सुरेखा निघालो तशी म्हणाली, "बांदाच्या खाली जाव नको गो. तू आली त्या दिवसा भांग, आज उधान!"

मी सुरेखाकडे बघितलं. "म्हातारी भांग घेते?"

सुरेखा दोन वर्षांपूर्वी आलेली, तिलाही काय ठाऊक! "घेत असतील वन्सं. डोळे नाही का लाल असतात?" आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसत हसत बांधावर गेलो. चुलीपुढे बसणाऱ्या बाईचे डोळे लाल असणार नाहीत तर काय, हे तेव्हा सुचलं नाही.

सुरेखा बांधावर थांबली. मी चपला हातात घेऊन उतरले. तिवरांपाशी जमीन घट्ट होती. म्हणून पुढे गेले. घोट्यापर्यंत रुतले, बरं वाटलं, गार. आणखी थोडी पुढे गेले आणि उजवा पाय एकदम गुडघ्यापर्यंत गेला. तो काढायला डाव्यावर जोर दिला, डावा मांडीपर्यंत. तो काढायला उजव्यावर जोर दिला. आपल्या काळ्या रानात पावसात गाडी रुतते ना, जितका बैलाला चाबूक तितकं चाक खोल, तसंच.

"वन्सं, चेष्टा करू नका, वर या!" सुरेखा ओरडली.

"येते की!" मी म्हटलं. पण येणं जमेना.

आपल्याकडे पूर येतो तो वरून येतो आणि गर्जत येतो. माणसाला पळायला वेळ मिळतो. इथे पाणी मागून आलं, मुकाट्याने. माझ्या आणि बांधाच्या मध्ये एक बारीक चर होती, येताना मी ती सहज ओलांडली होती. ती भरायला लागली. मग गाळावरून पाण्याचा एक पातळ थर सरकत आला आणि माझ्या कमरेला लागला. मला पोहता येत नाही. आपल्यातल्या कुणाला येतं? मुलं विहिरीत पाठीला डबा बांधून शिकतात, पोरींना काठावरूनही हाकलतात. मी ओरडले ते सुरेखाला नाही, आईला. आई जाऊन कैक वर्षं झाली.

सुरेखा गावाकडे पळाली.

धाकलीबाय आली ती एकटी नाही. मागे तिचा मुलगा आणि एक रिक्षावाला, आणि त्यांच्या डोक्यावर वाढदिवसाचा एक मोठा फ्लेक्स, लाकडी चौकटीसकट नाक्यावरून उपटलेला. त्यावर गॉगल लावलेला, हात जोडलेला एक दादा आणि 'हार्दिक शुभेच्छा'. दोघांनी तो गाळावर आडवा टाकला, चरीवरून माझ्याकडे ढकलला. आणि त्या म्हातारीने लुगड्याचा काचा आवळला, पोटावर पडली आणि घोरपडीसारखी सरपटत आली.

"झोप!" ती म्हणाली.

मला वाटलं, चुकून ऐकलं.

"झोप गो चिखलावर! उबी रायलीस त मरशील!"

पाणी बरगडीला लागलेलं आणि ही म्हणते झोप. शिवाय बांधावर आता पुरुष जमलेले. खरं सांगते, मरणाच्या दारातही मला पदराची काळजी वाटली. मी मान हलवली, नाही.

"बापये बगतान म्हून? बगूंदे! हा दादा बग, त्याच्या तोंडावर झोप, काय बोलनार नाय तो!"

हसू आलं की रडू, माहीत नाही, पण मी पुढे पडले. छाती चौकटीवर, गाल दादाच्या गॉगलवर. अंगाचा भार पसरला आणि खाली ओढणारं गाळाचं तोंड जरा सैल झालं. धाकलीबायने पाण्यात हात घालून माझ्या मांडीभोवतीचा गाळ उकरला. "वडू नको. पाय गोल फिरव, जात्यासारका. पानी आत जाते ते बरा हाय, तेच सोडवील तुला." ज्या पाण्याला मी घाबरत होते त्यानेच एक पाय सोडला. मग दुसरा. मुलाने आणि रिक्षावाल्याने चौकट दोरीने ओढली आणि आम्ही दोघी दादासकट बांधाला लागलो.

वर आल्यावर तिने आधी माझ्या पाठीत एक धपाटा घातला. मग विचारलं, "काय पेराला चालली व्हतीस?"

"माती बघायला," मी म्हटलं. रिक्षावाला इतका हसला की खालीच बसला.

तिने स्वतः मला गोड्या पाण्याने आंघोळ घातली, मिठाची गरम पेज पाजली आणि मग सुरेखाला आणि मला समोर बसवून समजावलं. अष्टमीच्या आसपास खाडी मंद असते, पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही. त्याला भांग म्हणतात. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, पाणी जितकं लांब आत जातं तितकंच जोरात परत येतं. मी मान खाली घालून सांगितलं की आम्ही भांग म्हणजे काय समजलो. ती इतकी हसली की डोळे पुसावे लागले.

"दर साली कोन ना कोन जाते गो," थोड्या वेळाने ती म्हणाली. "लांबून आलेली मानसा. खाडीला शिव्या घालतान. पन त्यांना सांगाला कोन नसते."

निघायच्या दिवशी तिने सुक्या बोंबलांची पुडी दिली. मी पाया पडले. म्हटलं, "तुमचे उपकार कसे फेडू?" ती म्हणाली, "मी घाट चढून वर कदी गेले नाय. तुमचेकडं हुरडा का काय खातान, तो खिलव."

परतीच्या गाडीत मी पाट्या वाचल्या नाहीत. माझ्या डोळ्यांपुढे बुडून गेलेली आपली सुमन होती. हळदीला पाणी द्यायला शेततळं खणलं, त्यात प्लास्टिकचा कागद अंथरला, आणि ती बादली भरायला वाकली. त्या कागदावर ना बोट रुततं ना पाय. आपण तिच्या दारात बसून म्हणालो, तिची वेळ भरली होती. मीही म्हणाले. आता म्हणणार नाही. सुमनची वेळ भरली नव्हती बायांनो, तळ्यात दोरी नव्हती. आणि काय करायचं हे तिला सांगणारं कुणी नव्हतं.

घरी आले त्याच आठवड्यात आमच्या शेततळ्याला मी गाठी मारलेला जाड सोल, म्हणजे दोर, बांधला, एक टोक लिंबाला, एक टोक पाण्यात. नवरा म्हणाला, "लोक हसतील." हसू द्या. शेजारच्या दोन तळ्यांनाही बांधून झाला. सुमनच्या तळ्याला तिच्या सासूने स्वतः बांधला, मी फक्त धरून उभी होते.

धाकलीबाय, गावातलं एकही तळं दोरीशिवाय राहिलं नाही की मी तुम्हाला न्यायला येणार. फोन करून बोलावणार नाही, स्वतः येणार. ज्वारी हुरड्यात असेल तेव्हा येणार, आणि घाट चढताना तुमचा हात धरून शेजारी बसणार.